लाइन क्लिअर मिळाली का?

कॅम्पसमध्ये सिलेक्शन होतं, पेढे वाटून होतात, कंपनीचं ट्रेनिंग सुरू होतं आणि एक दिवस यादी लागते... बाजूच्याला जावा आणि आपल्या नावापुढे 'मेनफ्रेम'! झालं, चेहरा पडलाच. आपल्या लोधिवली-चौक भागातल्या, घरातला पहिलाच इंजिनिअर झालेल्या पोराला तर वाटतं, करिअर सुरू व्हायच्या आधीच संपलं. माझ्या मते ही रडारड अनाठायी आहे.

एक तर मेनफ्रेम मेलेलं नाही. आयबीएमने २०२५ साली झेड१७ हे नवं मशीन आणलं. मोठ्या बँकांचे व्यवहार आजही अशा मशीनवर चालतात. त्यांना जोडणारं एसएनए हे नेटवर्क मात्र १९७४ सालचं. आज ते बऱ्याच ठिकाणी आयपीवरून धावतं, पण जुन्या जोडण्यांची सेटिंग्ज समजणारी माणसं कमी होत चालली आहेत. खरी अडचण तिथे आहे.

या जोडणीच्या प्रत्येक टोकाला असतं 'लिंक स्टेशन'. नाव अगदी चपखल! कर्जत-खोपोलीसारख्या एकेरी मार्गाचा विचार करा. पुढच्या स्टेशनने 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा रेल्वेचा जुना नियम. इथेही तसंच. डेटा निघण्याआधी दोन्ही टोकं 'एक्सआयडी' नावाचा निरोप पाठवून ओळख पटवतात. त्यात आठ हेक्स अंकांचा नोड आयडी असतो : पहिले तीन ब्लॉक नंबरचे, पुढचे पाच आयडी नंबरचे. तो मेनफ्रेमवरच्या नोंदीशी जुळला नाही, तर सहसा दार उघडत नाही. दोन्ही टोकांनी 'प्रायमरी मीच' असा हट्ट धरला, तरी लिंक उभी राहत नाही. फ्रेमचा आकार, उत्तराची वाट किती सेकंद पाहायची, किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, हे सगळं दोघांना झेपेल असं ठरवावं लागतं. टोकन रिंगवरचा पत्ता इथरनेटवर लिहिताना प्रत्येक बाइटमधले बिट उलटे होतात. म्हणजे ४० चा होतो ०२! हे ठाऊक नसेल तर केबल बदलत बसा दिवसभर.

आता सांगा, यातलं काय जुनं झालं? आजच्या राउटरवर ओएसपीएफ लावताना दोन्हीकडचे हॅलो टायमर जुळले नाहीत, तर शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. धडा तोच!

"पण मेनफ्रेममध्येच अडकलो तर?" ही भीती खोटी नाही. म्हणून लिनक्स, आयपी शिकत राहायलाच हवं. पण आपण सात लेयर पाठ करतो, पेपरात आकृती काढतो, मार्क मिळवतो. दोन टोकांचं पटलं नाही तर काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

म्हणून एक सूचना. शेवटच्या वर्षाला एक प्रॅक्टिकल ठेवा. दोन खोल्या, दोन विद्यार्थी, दोन मशीन. आधी दोघांनी एकमेकांना न विचारता सेटिंग्ज भरायची. लिंक बहुधा उठणार नाहीच. मग फोन उचलायचा, एकेक आकडा वाचून दाखवायचा आणि दोघांनी मिळून एकच तक्ता भरायचा. यासाठी मेनफ्रेम लागत नाही, दोन जुने राउटरही पुरतात.

समोरच्याला विचारून खात्री करणं कमीपणाचं नाही. आमच्या मते इंजिनिअरिंग तिथूनच सुरू होतं. पटतंय ना?