नावं ठेवण्यापेक्षा नाव ठेवा!

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या महिला मंडळाने मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा ठेवली होती. झिम्मा, फुगडी, पिंगा सगळं झालं आणि शेवटी तरुण मुलींचा गट आला. लाऊडस्पीकरवर धाडधाड ठेका सुरू झाला आणि त्या ठेक्यावर एक ओळखीचं गाणं. मी कान टवकारले. अगं, हे तर आमच्या गल्लीतल्या आजींचं गाणं! गल्लीतल्या बायकांच्या दिवसभराच्या कामांवर त्यांनी तीस वर्षांपूर्वी जुळवलेलं. एका मुलीच्या भावाचा डीजेचा व्यवसाय आहे. त्याने आजींना मोबाइलवर गायला लावलं आणि त्याचं रिमिक्स केलं.

मुली नाचल्या छानच. बक्षीसही मिळालं. निवेदिकेने नृत्य बसवणारीचं नाव घेतलं, डीजेचं घेतलं, मंडपवाल्याचंसुद्धा घेतलं. आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचं नाव काही आलं नाही.

मी घरी येऊन तणतणत होते. "या रिमिक्सवाल्यांना काही ताळतंत्रच राहिलेलं नाही," असं बरंच काही. पुण्याला शिकणारा माझा भाचा सुट्टीला आला होता. तो म्हणाला, "आत्या, सरसकट सगळ्या रिमिक्सना शिव्या देऊ नकोस. आधी हे ऐक." आणि त्याने मला एकाच गाण्याची दोन रूपं ऐकवली.

गाणं होतं 'ब्रिमफुल ऑफ आशा'. बँडचं नाव कॉर्नरशॉप. 1991 साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात हा रॉक बँड सुरू झाला. मुख्य गायक-गीतकार तजिंदर सिंग, पंजाबी घरातला. तिकडे भारतीय माणूस म्हटला की त्याचं कोपऱ्यावरचं किराणा दुकान असणार, अशी गोऱ्यांची ठाम समजूत. ती टिंगलच या मुलांनी बँडचं नाव म्हणून मिरवली. आणि गाण्यातली 'आशा' कोण? तर सांगलीत जन्मलेल्या आपल्या आशाताई भोसले! हिंदी सिनेमातलं पार्श्वगायन आणि घराघरांत वाजणाऱ्या तबकड्या यांचं ते प्रेमाने लिहिलेलं गाणं आहे. लतादीदींचं आणि रफीसाहेबांचंही नाव त्यात येतं. परक्या देशात वाढलेल्या मुलाला आईवडिलांच्या तबकड्यांतून जे घर मिळालं असेल, ते त्याने गिटारवर मांडलं, असं मला ते ऐकताना वाटलं.

1997 साली हे गाणं आलं तेव्हा जाणकारांनी कौतुक केलं, पण इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत ते साठाव्या क्रमांकाच्या पुढे सरकलं नाही. मग फॅटबॉय स्लिम या नावाने संगीत करणाऱ्या नॉर्मन कुकने त्याचं रिमिक्स केलं. गती वाढवली, त्यामुळे स्वर वर चढला, खाली दणदणीत ठेका घातला. फेब्रुवारी 1998 मध्ये तेच गाणं त्या यादीत पहिल्या क्रमांकावर! म्हणजे रिमिक्समुळे आशाताईंचं नाव इंग्लंडच्या नाचघरांत पोहोचलं.

"बघ, रिमिक्सने भलंच केलं ना?" मी म्हटलं. तर भाचाच उलटला! "तसंही नाही आत्या. लोकांना आज ते रिमिक्सच आठवतं. मूळ गाण्याची संथ लय कुणाला माहीत नाही. याच बँडने त्याच अल्बममध्ये बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' पंजाबीतून गायलंय. बीटल्सने 1965 साली त्या गाण्यात सतार वापरली, आणि बत्तीस वर्षांनी एका पंजाबी मुलाने ते गाणं आपल्या भाषेत आणलं. केवढी मोठी गोष्ट! 2020 सालीसुद्धा त्यांचा नवा अल्बम आला. पण जग त्यांना एका गाण्याचा बँड समजतं, तेही दुसऱ्याने पळवत नेलेल्या."

भाजी चिरता चिरता मी विचारात पडले. खरं सांगू का, दोन्ही रूपं ऐकल्यावर मला मूळ गाणंच जास्त आवडलं. पण रिमिक्स गाजलं नसतं तर माझ्यासारखीपर्यंत मूळ तरी कधी पोहोचलं असतं? पातळ केलेल्या ताकानेसुद्धा तहान भागतेच की. फक्त दही कुणी लावलं होतं, ते विसरू नये. आणि इथे ते कुणी विसरलेलं नव्हतं. बँडचं नाव कायम होतं, आणि 'आशा' तर शीर्षकातच होती.

आता आपल्याकडचं बघा. 2002 साली 'काँटा लगा'चं रिमिक्स आलं ते आठवतंय ना? मूळ गाणं 1972 च्या 'समाधि' चित्रपटातलं. शब्द मजरूह सुलतानपुरींचे, संगीत राहुलदेव बर्मन यांचं, आवाज लतादीदींचा. रिमिक्समध्ये आवाज दुसऱ्याच गायिकेचा, आणि टीव्हीवर दिसायची ती नाचणारी मुलगी. तेव्हा आम्ही मंडळातल्या बायकांनी काय केलं? तिच्या कपड्यांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. ती अंगावर काय घालते यावर तासभर बोललो, पण ज्यांनी हे गाणं घडवलं त्यांचं काय झालं, हा प्रश्न एकीलाही सुचला नाही. मलाही नाही. आज त्याची लाज वाटते.

त्या काळी कायद्यातच तशी सोय होती. मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाली की रीतसर नोटीस देऊन, रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्या गळ्यातून काढता यायचं. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. दोनाची पाच वर्षं झाली. तांत्रिक गरजेपलीकडे गाण्यात बदल करायचा नाही, आणि ही मूळ गाण्याची दुसरी आवृत्ती आहे हे वेष्टनावर लिहायचं, असं ठरलं. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्कही पक्का झाला. तरी गाण्याचे हक्क ज्या कंपनीकडे आहेत तिने परवानगी दिली की नवं रूप काढता येतंच. नव्या सिनेमांत जुनी गाणी येतात ती अशीच.

पण नाव पुसलं जाणं काही रिमिक्सपासून सुरू झालं नाही. 1949 चा 'महल' आठवा. 'आएगा आनेवाला' या गाण्याच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर गायिकेचं नाव काय होतं माहितेय? कामिनी! म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. गाणारी लता मंगेशकर कुठेच नाही. तेव्हा तर रिमिक्स हा शब्दही नव्हता. बाईचा आवाज हवा, नाव नको, ही खोड जुनीच आहे. घरातही वेगळं काय असतं? लोणचं सासूबाईंच्या हातचं, पण डब्यावर नाव बचत गटाचं. मी स्वतःच गटाचं काम करते, म्हणून हे बोलते.

नवं रूप देण्याची आणखी एक रीत आहे, आणि ती मला सगळ्यांत आवडते. 2005 साली अमेरिकेतल्या क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यवादकांनी राहुलदेव बर्मन यांची गाणी नव्याने बांधून एक अल्बम काढला. गायला कोण? स्वतः आशाताई, सत्तरी ओलांडल्यावर! जुन्या आवाजाची नक्कल नाही की चोरी नाही. जिचं गाणं तिलाच सन्मानाने बोलावलं. तिचं नाव वेष्टनावर, बर्मनदांचंही नाव शीर्षकात. नवेपणा हवा तर असा हवा!

दुसऱ्या दिवशी मी आजींकडे गेले. वाटलं, त्या दुखावल्या असतील. तर त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "पोरी नाचल्या, बरं वाटलं गं. नाहीतर माझं गाणं माझ्याबरोबरच जायचं. पण एक सांग, माझा आवाज एवढा बारीक कसा झाला?" मी गती वाढवल्याचं समजावून सांगितलं. त्या हसल्या. मग शेंगांतून मान वर न करता हळूच म्हणाल्या, "माझंच होतं ना पण ते?"

या एका वाक्यावर मी त्या मुलींशी बोलले. त्या आधी चिडल्याच. "काकू, एवढं काय त्यात? आम्ही त्यांचं गाणं जिवंत ठेवलं." त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांच्या पायांशिवाय ते गाणं आज कुणी ऐकलं नसतं. पण जिवंत ठेवायचं म्हणजे तिला विचारून, तिला आधी ऐकवून आणि तिचं नाव घेऊन, एवढंच माझं म्हणणं. बरीच वादावादी झाली. शेवटी मंडळाने तीन नियम केले. गाणं कुणाचं ते निवेदनात सांगायचं. रिमिक्स केलं तर स्पर्धेआधी मूळ गाणारीला ऐकवायचं. आणि बक्षिसाच्या रकमेतला वाटा तिला द्यायचा. वाटा किती, यावर अजून एकमत नाही. होईल हळूहळू.

मैत्रिणींनो, रिमिक्स चांगलं की वाईट हा वाद आता मला निरर्थक वाटतो. गाणी बदलतच राहणार. आपल्या आज्यांनीही जुन्या चालींवर नवे शब्द बसवलेच होते. मुलांच्या मोबाइलवरचा ठेका ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. फक्त एवढं विचारा, "हे मूळ कुणाचं रे?" त्यांना सांगता आलं नाही तर सोबत बसून शोधा. आणि तुमच्या घरातली ओवी, पाळणा, मंगळागौरीचं गाणं एका वहीत उतरवून ठेवा. खाली ते कुणी रचलं, तुम्हाला कुणी शिकवलं, ते नाव नक्की लिहा. आजींच्या गाण्याचं पहिलं पान मी लिहून ठेवलंय. तुमच्या वहीचं पहिलं पान कुणाच्या नावाचं असेल?