पेल्याला बंदी, डबीला मुभा

दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ महाड शहरात आणि ६ जूनला शिवराज्याभिषेकदिनी रायगडावर प्रचंड जनसमुदाय लोटतो. उन्हातान्हातून आलेल्यांना पाणी पाजणे यासारखे पुण्यकर्म नाही. परंतु अशा गर्दीच्या हाती सर्वत्र येत आला तो प्लॅस्टिकचा कवडीमोल पेला. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने त्यावर बंदी घातली. केंद्रानेही १ जुलै २०२२ पासून देशभर असे पेले, ताटल्या व चमचे निषिद्ध ठरवले. तरीही तो पुरता हद्दपार झालेला नाही. तपासणी कडक करा, ही मागणी मग ओघानेच येते. मात्र ही वस्तू इतकी स्वस्त का, याची चिकित्सा क्वचितच होते.

तिचे उत्तर पेल्याच्या घडणीत आहे. ‘थर्मोफॉर्मिंग’ असे भारदस्त नाव असले तरी कृती साधी आहे. प्लॅस्टिकचा पातळ पत्रा चौकटीत धरून तापवतात. प्लॅस्टिकच्या जातीनुसार, बहुधा दीडशे अंशांच्या आसपास, तो ओल्या चादरीसारखा झोळ धरू लागतो. मग तो साच्यावर आणून साच्याच्या बारीक छिद्रांतून आतली हवा शोषून घेतात. बाहेरच्या हवेचा दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो, पत्र्याला साच्याच्या अंगाला चिकटवतो. थंड होताच आकार पक्का होतो आणि कडा कापल्या जातात. कापून उरलेली जाळी दळून पुन्हा पत्र्यात मिसळता येते. खोल भांड्याचे कोपरे ताणले जाऊन पातळ पडतात, हा या पद्धतीचा दोष. पण एकदाच वापरायच्या वस्तूला टिकाऊपणा हवा आहे कोणाला? वितळलेले प्लॅस्टिक प्रचंड दाबाने आत दवडण्याच्या पद्धतीत जाड पोलादी, महागडे साचे लागतात. येथे दाब अल्प असल्याने ॲल्युमिनियमचा एकाच बाजूचा साचा पुरतो. म्हणूनच थोड्या भांडवलावरही हा धंदा उभा राहू शकतो.

याच रीतीने दह्याची वाटी, औषधी गोळ्यांचे खळगेदार वेष्टन, रोपवाटिकेतील कप्प्यांचे तबक आणि शीतकपाटाचे आतले अस्तरही घडते. कायद्याने बंदी घातली ती वस्तूंच्या नावांवर. पेला निषिद्ध, पण जवळजवळ त्याच घडणीची दह्याची वाटी ‘वेष्टन’ म्हणून वैध! गोळ्यांच्या वेष्टनाला आरोग्याचे कारण आहे, ते मान्यच करावे लागेल. परंतु सर्वच वेष्टनांना ते लागू पडत नाही.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर गेले की महाबळेश्वर येते. हिवाळ्यात तेथील स्ट्रॉबेरी पारदर्शक डब्यांतून विकली जाते. नाजूक फळ चिरडू नये म्हणून शेतकऱ्याला ही डबी हवीच. तिच्यावाचून त्याचा माल बाजार गाठणार नाही. फळे घाट उतरतानाच संपतात आणि डबी पोलादपूरच्या हद्दीत पडते. सावित्री नदीही महाबळेश्वरीच उगम पावते आणि पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीला मिळते. त्यामुळे रस्त्याने आलेला कचरा पावसाळ्यात नदीच्या वाटेने पुढे जातो. २२ जुलै २०२१ चा महापूर ज्या महाडने सोसला, त्याला तुंबलेल्या गटाराचे मोल वेगळे सांगायला नको. तो पूर प्लॅस्टिकने आणला, असे मात्र कोणी म्हणू नये. अतिवृष्टी आणि नदीचे पात्र ही त्यामागची कारणे फार मोठी आहेत.

अशा वेष्टनांसाठी केंद्राने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. जितके वेष्टन बाजारात आणले, त्यातील ठरावीक हिस्सा पुनर्वापरात गेल्याचे दाखवणे बंधनकारक झाले. तत्त्व रास्त आहे. व्यवहारात मात्र पुनर्वापर करणाऱ्या कारखान्याकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन हे कर्तव्य पार पाडता येते. तो कारखाना देशात कोठेही असू शकतो. कागदावरचा हिशेब जुळतो आणि घाटातली डबी घाटातच राहते. ती उचलणारा सफाई कामगार, ती वाहणारी गाडी आणि ती साठवायची जागा यांचा भार पोलादपूरच्या नगरपंचायतीवर. डबीच्या किमतीत हा खर्च कोठेच धरलेला नसतो, आणि प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीतून तो भरून येईल याचीही शाश्वती नाही.

डबीमागे दोन-चार रुपये ठेव घेऊन पोलादपूरच्या नाक्यावर ती परत करण्याची सोय केली, तर घाटात फेकणारा हात क्षणभर तरी थबकेल. मेळ्यांसाठी स्टीलचे पेले भाड्याने देण्याचे आणि धुण्याचे काम महिला बचत गटांना देता येईल. धुण्याचा खर्च उत्सवाच्या अंदाजपत्रकात मांडावा लागेल, एवढेच. कागदी पेला हा सोपा पर्याय समजला जातो, पण त्याच्या आतही बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. रायगडच्या किनारपट्टीवर पोफळीच्या बागा आहेत. तिच्या गळालेल्या झावळीचा रुंद बुडखा ओलावून तापल्या साच्यात दाबला की ताट तयार होते. तेथेही उष्णता, दाब आणि साचाच. फक्त ते ताट मातीत कुजते.