बारीक कंबरेचा पेला

'पारंपरिक' हे विशेषण अलीकडे फार स्वस्त झाले आहे. साडी पारंपरिक, पंगत पारंपरिक, ढोल पारंपरिक. आणि दिवाळीत तर विचारायलाच नको. कंदिलापासून उटण्यापर्यंत प्रत्येक वेष्टनावर तो शब्द छापलेला असतो. वस्तूचे वय विचारू नये, मुकाट्याने हात जोडावेत, एवढाच बहुधा त्याचा हेतू. मी मात्र वर्गात मुलांना नेहमी सांगते की, शब्द भेटला की त्याचा जन्मदाखला मागावा. या दाखला मागण्याच्या खोडीपायीच गेले काही महिने मी एका परक्या देशाच्या चहात बुडाले आहे.

माझी भाची नोकरीनिमित्त दोन वर्षे इस्तंबूलला होती. येताना तिने सहा पेले आणले. खोक्यावर अर्थातच 'पारंपरिक तुर्की चहाचे पेले' असे लिहिलेले. पेला जेमतेम चार-पाच बोटे उंच. त्याला कान नाही. खाली गोलसर, मध्ये एकदम निमुळता आणि वर पुन्हा ओठ उमलल्यासारखा. तुर्की लोक त्याला 'इन्जे बेल्ली' म्हणतात. इन्जे म्हणजे बारीक आणि बेल म्हणजे कंबर. 'बारीक कंबरेचा' हे त्याचे रोजच्या बोलण्यातले नाव. आपल्या संस्कृत छंदःशास्त्रात 'तनुमध्या' नावाचे एक चिमुकले वृत्त आहे, चरणात अवघी सहा अक्षरे. मला या पेल्याला तेच नाव द्यावेसे वाटले. शेजारच्या अझरबैजानात याच घाटाच्या पेल्याला 'आर्मुडू' म्हणतात. आर्मुड म्हणजे नाशपती. त्याच फारसी शब्दाचा हिंदीत येईतो 'अमरूद' झाला आणि नाशपतीचा पेरू!

आमच्या सासूबाईंचे मत मात्र काव्यमय नव्हते. त्या म्हणाल्या, "एवढ्याशा पेल्यात पाहुण्याला चहा द्यायचा? हा चहा की औषध?"

"आजी, तिथे एका पेल्यावर कुणी उठतच नाही," भाचीने खुलासा केला. "पेला रिकामा झाला की न विचारता दुसरा येतो. नको असेल तर चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा. तोंडाने नाही म्हणावे लागत नाही."

हा आडवा चमचा मला फार आवडला. आपल्याकडे आग्रह करण्याचे शास्त्र जेवढे प्रगत आहे, तेवढे नकार देण्याचे नाही. पेल्यात मावतो सुमारे शंभर मिलिलिटर चहा. गार होण्याआधी संपावा एवढाच. रुंद ओठामुळे वरचा घोट लवकर निवतो आणि काठ बोटांना धरवतो. काच पारदर्शक, कारण चहाचा रंग पाहून तो पारखायचा असतो. उत्तम उतरलेल्या चहाला ते 'सशाच्या रक्ताचा रंग' म्हणतात. आपल्या शाकाहारी कानांना ही उपमा जरा उग्र वाटेल. पण उन्हात धरलेला तो पेला पाहिला की मग ती पटते.

चहा करण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. एकावर एक बसणाऱ्या दोन किटल्या असतात. खालच्या मोठीत पाणी, वरच्या धाकटीत कोरडी पत्ती. खाली पाणी उकळू लागले की वरची पत्ती वाफेने गरम होते. मग उकळते पाणी पत्तीवर ओतायचे, खालच्या किटलीत पुन्हा पाणी भरायचे आणि मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे दोघींना एकमेकींच्या संगतीत सोडून द्यायचे. नंतर पेल्यात थोडा वरचा गडद अर्क, वर खालचे कढत पाणी. कुणाला किती कडक हवा, ते ज्याचे त्याने सांगावे. दूध नाही. बशीत साखरेचे दोन खडे. एर्झुरूमकडची माणसे तो खडा चहात घालतच नाहीत. तोंडात धरून त्यावरून चहा पितात. लहान मुलांसाठी गार पाणी घालून कोमट केलेल्या फिक्या चहाला 'पाशाचा चहा' असे भारदस्त नाव आहे. पोराला फिका चहा दिला याचे वाईट वाटू नये, म्हणून त्याला थेट पाशा करून टाकायचे!

आता या सगळ्या सरंजामातले शब्द ऐका. वरच्या किटलीत मुरतो तो 'देम'. हा मूळचा फारसी 'दम', म्हणजे श्वास. बिर्याणीला आपण देतो तोच. या जोड किटल्यांना म्हणतात 'चायदानलिक'. त्यातला 'दान' आपल्या अत्तरदाणीत, फुलदाणीत आणि पिकदाणीतही बसला आहे. साखर म्हणजे 'शेकेर'. हा शब्द तर आपल्याकडूनच गेला. संस्कृत शर्करा इराणात शकर झाली आणि पुढे शेकेर. इकडे तीच प्राकृतातून आपली साखर झाली. आणि 'चाय' व 'चहा' ही एकाच चिनी घरची भावंडे. भाची एकेक शब्द सांगत होती आणि मला दूरच्या नातेवाइकांची नावे ऐकल्यासारखे वाटत होते.

तेव्हा मला वाटले, एवढे जुने शब्द ज्या चहाभोवती आहेत, तो चहाही तेवढाच पुरातन असणार. पण जन्मदाखला पाहिला आणि मौज वाटली. तुर्कस्तानचा हा 'पारंपरिक' चहा सर्वांच्या घरात शिरून अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

याची साक्ष त्यांच्याच भाषेत आहे. तुर्की भाषेत न्याहारीला 'काहवाल्ती' म्हणतात. फोड केली तर अर्थ निघतो, कॉफीच्या आधी पोटात घालायचे ते. आज त्या न्याहारीबरोबर कॉफी नसते, चहा असतो. तपकिरी रंगाला ते 'काहवेरेंगी', कॉफीरंगी, म्हणतात. पुरुषमंडळी दिवसभर जिथे चहा ढोसत बसतात, त्या जागेचे नावही 'काहवेहाने' असेच आहे. माणसे विसरतात, पण भाषा विसरत नाही. पाहुणा बदलला तरी दारावरची पाटी जुनीच राहावी, तसे हे आहे.

कारण तुर्कस्तान हा मुळात कॉफीचा देश. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून इस्तंबूलमध्ये कॉफीची दुकाने होती. या पेल्याला लोक ट्युलिपच्या फुलाची उपमा देतात. पण १७१८ ते १७३० या ज्या काळाला तुर्की इतिहासात ट्युलिपयुग म्हणतात, त्या काळात इस्तंबूलचे रसिक कॉफीच पीत होते. कॉफी येई येमेनातून, आणि येमेन ऑटोमन साम्राज्यात होते. पहिले महायुद्ध झाले, साम्राज्य मोडले, येमेन गेले. १९२३ साली प्रजासत्ताक जन्मले ते रिकाम्या तिजोरीनिशी. परदेशची कॉफी विकत घेणे महाग पडू लागले.

त्याच वेळी देशाच्या ईशान्य टोकाला, काळ्या समुद्राच्या काठी, रिझे नावाचा जिल्हा हलाखीत होता. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक, डोंगरउतार, सपाट जमीन थोडी. आपल्या कोकणाचे वर्णन वाचतो आहोत असे वाटावे. आणि कोकणासारखेच तिथले पुरुषही पोटासाठी बाहेर जात. कोकणी माणसाची जशी मुंबई, तसे रिझेच्या माणसाचे बातुम आणि त्यापलीकडचा रशिया. महायुद्धात रशियन फौजा रिझेत आल्या नि गेल्या, पुढे रशियात क्रांती झाली, सरहद्द बंद झाली आणि ती वाट खुंटली. चाकरमान्याची मुंबईच नाहीशी व्हावी, असा तो प्रसंग होता.

पण बातुमजवळ रशियन राजवटीत लावलेले चहाचे मळे होते. जो पाऊस बातुमला, तोच रिझेला; मग चहा इथे का होऊ नये? १९२४ साली अंकाऱ्याच्या संसदेने रिझे भागात चहा लावण्यासाठी कायदा केला. झिहनी देरिन नावाच्या शेतकी अधिकाऱ्याने हे काम अंगावर घेतले. मात्र कायदा झाला म्हणून शेतकरी मका सोडून एक अनोळखी झुडूप लावायला थोडाच धावतो? दहा-बारा वर्षे तशीच गेली. १९३७ साली बातुमहून वीस टन बी आणले आणि खरी लागवड सुरू झाली. १९३८ साली पहिली खुडणी झाली. तयार चहा निघाला तीस किलो! आपल्याकडच्या एका मंगल कार्यालयाच्या हंगामालाही तो पुरला नसता. १९४७ साली रिझेत पहिला मोठा कारखाना निघाला आणि १९६० नंतरच्या दशकात देश आपल्या गरजेपुरता चहा स्वतः पिकवू लागला. आज माणशी वर्षाला तीन किलोंहून अधिक चहा पिणारा हा देश जगात पहिल्या क्रमांकावर आहे. आपण एवढे चहाबाज म्हणवतो, पण आपला आकडा एक किलोच्याही आतच आहे.

पेल्याची हकिकतही याच काळातली. १९३५ साली सरकारी प्रेरणेने बॉस्फरसच्या काठी पाशाबाहचे येथे काचेचा कारखाना निघाला. (बाहचे म्हणजे आपला बगीचा, पाशाचा बगीचा.) तिथल्या यंत्रांतून बारीक कंबरेचे पेले गरिबालाही परवडतील अशा भावात निघू लागले. स्वदेशी चहा आणि स्वदेशी काच या दोघांनी मिळून एका पिढीत एक परंपरा उभी केली. तो कारखाना २००२ साली बंद झाला; पेले आता दुसऱ्या कारखान्यांतून येतात.

मग ही परंपरा खोटी म्हणायची काय? हा प्रश्न मी घरात मांडला, तेव्हा सासूबाईंनी मला अनपेक्षित साक्ष दिली. त्या म्हणाल्या, "माझ्या सासूबाई चहाला शिवत नसत. चहा हे व्यसन, ते पुरुषांनी करावे, असे त्यांचे म्हणणे. मी नवी नवरी, मला माहेरी चहाची सवय. पहिले वर्षभर मी न्हाणीघराच्या पायरीवर बसून चोरून चहा प्यायले आहे. आणि आता कुणी आले नि चहा विचारला नाही, तर घराण्याची रीत मोडली म्हणतात!" न्हाणीघराच्या पायरीपासून घराण्याच्या रीतीपर्यंत चहाला अवघे एक आयुष्य पुरले. तेव्हा तुर्कांना हसण्याचे आपल्याला कारण नाही.

मला वाटते, परंपरेचे वय वर्षांत मोजूच नये. ती किती हातांतून गेली, ते पाहावे. इस्तंबूलच्या बाजारात तीन दांड्यांना टांगलेली थाळी घेऊन चहावाल्याचा पोऱ्या गर्दीतून धावतो, त्यातला थेंब सांडत नाही. दुकानदार गिऱ्हाइकाला आधी चहा देतो, भाव मग सांगतो. बॉस्फरस ओलांडणाऱ्या बोटीवर तीळ लावलेले कडे नि चहा घेतल्यावाचून प्रवास झालासा वाटत नाही. २०२२ साली युनेस्कोने तुर्कस्तान आणि अझरबैजान यांच्या चहासंस्कृतीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातले. त्या यादीत जागा मिळाली ती चहाच्या वयाला नव्हे, तर त्यातून होणाऱ्या आतिथ्याला.

परंतु या आतिथ्याचा गैरफायदाही घेता येतो. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. किरणोत्सर्गी ढग काळ्या समुद्रावरून आले आणि रिझेच्या मळ्यांवर पावसातून उतरले. चहात विष आहे, अशी कुजबुज देशभर सुरू झाली. तेव्हा व्यापार व उद्योगमंत्री जाहित आराल यांनी वार्ताहरांसमोर चहा पिऊन दाखवला आणि चहा निर्धोक असल्याची ग्वाही दिली. लोकांनी विश्वास ठेवला, कारण त्या देशात समोर चहा पिणे म्हणजे शब्द देणे. पुढे दूषित ठरलेला चहा मोठ्या प्रमाणावर गाडून टाकावा लागला. पण तोवर किती पेले पिऊन झाले होते! त्या पेल्याची काच कितीही पारदर्शक असली, तरी तिच्यातून फक्त रंग दिसतो. 'हे आपले आहे' एवढ्याच आधारावर जेव्हा कुणी आपल्यापुढे काही ठेवतो, तेव्हा ते कुठून आले, कसे आले, हे विचारण्याचा हक्क आपण सोडू नये, हे मला या प्रसंगाने शिकवले. जन्मदाखला मागितल्याने प्रेम कमी होत नाही. रिझेची हकिकत कळल्यापासून मला तर तो चहा अधिक आवडू लागला आहे. पोटासाठी परमुलखात जाणारी माणसे ज्या झुडपाने घरी थांबवली, ते झुडूप राजदरबारी नसले म्हणून काय बिघडले?

आता दिवाळीचा फराळ तुमच्या समोर असेल म्हणून एक शेवटची गोष्ट सांगते. तुर्की मिठाईत पाकात मुरवलेला एक गोड पदार्थ आहे, 'शेकेरपारे'. म्हणजे साखरेचा तुकडा. फारसीतला हाच शकरपारा आपल्याकडे येऊन तेलात पडला, चौकोनी कापला गेला आणि शंकरपाळा झाला. शंकराचा त्याच्याशी काही संबंध नाही. आपल्या एखाद्या पणजीने परका शब्द ऐकला आणि त्याला घरच्या देवाचे नाव देऊन टाकले. परक्याला आपले करण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही. डबा उघडा, दोन शंकरपाळे घ्या, आणि चहा होऊ द्या. पुरे झाले की चमचा आडवा ठेवा.