भूछत्रांचे रिंगण

पावसाळ्यात गवतावर कधीकधी भूछत्रे रिंगण धरून उगवतात. तिथे रात्री पऱ्या नाचतात, असे युरोपातले लोक मानत. त्या वर्तुळात पाऊल टाकायलाही भीत. १७९२ मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने ही किमया बुरशीची असल्याचे सांगितले. मातीतले तिचे तंतू मध्यापासून चहूकडे पसरतात, आतले अन्न संपत जाते आणि छत्र्या कडेला उगवतात.

आपल्याकडे नागपंचमीला ज्या वारुळाची पूजा होते, त्याचेही बुरशीशी नाते आहे. अनेक वारुळांत वाळवी बुरशीची शेती करते. पावसात त्या बुरशीच्याच छत्र्या, म्हणजे अळंबी, जमिनीवर येतात. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात ही आवडती रानभाजी, तर आपले शिरपूर जैन हे गाव ज्या जैन परंपरेचे तीर्थ आहे, तिच्या आहारात अळंबी वर्ज्य. कोणी तिचे वारूळ पुजतो, कोणी ती खातो, कोणी टाळतो. पण प्रत्येकाने तिची दखल घेतली आहे. ही जाण टिकायला हवी.

शिरपूर परिसरातील वाचकांनो, यंदा बांधावरची भूछत्रे नीट पाहा, घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांची नावे विचारा आणि आम्हाला लिहून कळवा. मात्र अनोळखी छत्री चुकूनही खाऊ नका.