नावावरचं छप्पर

बँकेतल्या नोकरीत माझी अर्धी हयात सह्या पडताळण्यात गेली. एका हातात पैसे काढायची स्लिप, दुसऱ्या हातात नमुना सहीचं कार्ड. २००३ साली माझी बदली बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या शाखेत झाली. माझी पत्नी त्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत १९८५ पासून पहिली-दुसरीला शिकवत होती. तोवर आमचा संसार दोन चुलींवर चालला होता. आता चूल एक झाली.

पहिल्याच आठवड्यात एक गंमत लक्षात आली. पंचविशीच्या आतबाहेरच्या खातेदारांच्या सह्यांत एक साम्य होतं. अक्षरं ज्याची त्याची, पण नावावरची रेघ शेवटच्या अक्षराच्या पुढे थोडी जास्तच गेलेली. रात्री जेवताना हे बोललो, तर ही हसायलाच लागली. म्हणाली, "अहो, मीच सांगते मुलांना. नाव म्हणजे घर आणि रेघ म्हणजे वरचा पत्रा. पत्रा भिंतीच्या थोडा बाहेर काढला नाही, तर पाऊस आत येतो."

मी हजारो कागदांवर सह्या केल्या. त्यांतली एकही कुणाला आठवत नसेल. इथे मात्र हिनं निम्म्या गावाच्या नावांवर पत्रे घातले होते, आणि ते इतकी वर्षं टिकलेत हे तिलाही ठाऊक नव्हतं. शिक्षकाच्या वाट्याला येणारं समाधान हे असं असतं. ते उशिरा येतं, आडवाटेनं येतं, आणि पुष्कळदा भलत्याच माणसाला आधी दिसतं.

मनस्ताप मात्र रोजचा. मीही पूर्वी हिला चिडवत असे, "तुमचं काय, दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी!" एका छपराखाली राहू लागलो तेव्हा कळलं. रात्री भांडी आवरली की ही खिचडीचं रजिस्टर उघडून बसे. किती मुलं जेवली, तांदूळ किती गेला, डाळ किती उरली. दोन किलो तांदळाचा फरक निघाला म्हणून एका रात्री आम्ही दोघं अकरापर्यंत बेरजा करत होतो. मुलांना शाळेत ताजं अन्न मिळतं ही मोलाचीच गोष्ट. पण तांदूळ मोजणारीनंच वर्गही सांभाळायचा, निवडणूक आली की पेटी घेऊन जायचं, जनगणना आली की दारोदार हिंडायचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं देऊ नयेत असं म्हटलं खरं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना त्यातून वगळलं. शिवाय जे काम 'शाळेचंच' म्हणून कागदावर येतं, ते कुठल्या कायद्यात बसवायचं? आज रजिस्टरच्या जोडीला मोबाइल आला आहे. माहिती भरा, फोटो पाठवा, आजच्या आज पाठवा.

तुम्ही म्हणाल, कागद कुणाला चुकलेत? बँकेत काय कमी होते? खरं आहे. पण आमच्याकडे आज राहिलेलं काम उद्या होत असे. शाळेत ते होत नाही, हे मला एका अंगठ्यानं शिकवलं.

मे महिना होता. ऊसतोडीहून परतलेली माणसं बँकेत गर्दी करत. त्यांत पंचविशीचा एक तरुण आला. सही येत नव्हती. शाईच्या पॅडवर त्यानं डावा अंगठा दाबला, स्लिपवर उठवला आणि बोट डोक्याला पुसलं. खातेदाराचं नाव घरी सांगू नये, हा नियम मी त्या दिवशी मोडला. ही भाकरी थापत होती. हात तसाच थांबला.

"तो माझ्याच वर्गात होता. पहिल्याच वर्षीचा. नाव लिहायला लागला होता हो. नुसती रेघ द्यायची राहिली होती."

दिवाळीनंतर आईबापांबरोबर तो बैलगाडीतून कारखान्यावर गेला. परत आला तेव्हा वर्ष संपलं होतं आणि अक्षरं पुसली होती. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी तो शाळेत आलाच नाही. अशा मुलाचं शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि दिवाळीला संपतं. चार महिने! त्यातले आठ दिवस कागदात गेले, तर ते शिक्षकाचे जात नाहीत, त्या मुलाचे जातात. दर तासाची किंमत कुणी करायचीच असेल, तर ती या हिशेबानं करावी.

पुढच्या वर्षी त्या तरुणानं आपली मुलगी हिच्या वर्गात घातली. तोडीला जाताना पोरीला आजीजवळ ठेवून जाऊ लागला. २००६ च्या उन्हाळ्यात तो तिला घेऊन बँकेत आला आणि माझ्याकडे एक कोरी स्लिप मागितली. "साहेब, बघा तर ही काय लिव्हती." काउंटरला तिचा हात पुरेना, म्हणून त्यानं तिला उचलून धरलं. तिनं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि वर लांबलचक पत्रा घातला. मग त्याच काउंटरवर बापानं स्वतःच्या स्लिपवर अंगठा उठवला.

ती कोरी स्लिप मी घरी नेली. वाटलं, ही हरखून जाईल. हिनं ती दिव्याखाली धरून पुष्कळ वेळ पाहिली, घडी घालून डब्यात ठेवली आणि म्हणाली, "पोरीचं झालं. त्याचं राहिलंच की."

आम्ही बँकेत दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय घरी जात नसू. हिचा हिशेब निवृत्तीनंतरही जुळलेला नाही. तिच्या डब्यातली ती स्लिप मी अजून कधीतरी काढून पाहतो.