शेव्हरोले गेली, तवेरा राहिली

२०१८ ते २०२० या काळात पुणे जिल्ह्यात एक अजब प्रकार चालू होता. मावळात तळेगावच्या एमआयडीसीत जनरल मोटर्सच्या कारखान्यातून शेव्हरोलेच्या कोऱ्या करकरीत गाड्या बाहेर पडत होत्या आणि बंदर गाठून मेक्सिकोसारख्या देशांत जात होत्या. तिथून दीड-दोन तासांवरच्या नारायणगावात किंवा मंचरात मात्र पैसे मोजायची तयारी असूनही कुणाला ती गाडी मिळत नव्हती. कंपनीने १८ मे २०१७ रोजी जाहीर करून त्या वर्षअखेरीस भारतातली विक्री थांबवली होती. कारखाना जिल्ह्यात आणि गिऱ्हाईकही जिल्ह्यातच, पण दोघांचा एकमेकांशी संबंध उरला नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये कारखान्याचं उत्पादनही थांबलं.

जुन्नर-आंबेगावात शेव्हरोले या नावाने गाडी फार कुणी ओळखली नसेल. इथं गाडी होती ती तवेरा. २००४ मध्ये आलेली, दहा माणसं बसवणारी आणि दहावर थांबण्याची सक्ती न मानणारी. अष्टविनायकांपैकी ओझर आणि लेण्याद्री हे दोन गणपती जुन्नर तालुक्यात, रांजणगावचा शेजारच्या शिरूरमध्ये. आजी, आत्या, जावई आणि पोरासोरांसह आठ गणपती दोन दिवसांत उरकायचे, तर तवेरासारखं वाहन नव्हतं. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर पोरं, टपावर बॅगा आणि पुढच्या काचेवर मालकाच्या कुलदैवताचं नाव. माळशेज घाट चढून आलेल्या तवेरा आळेफाट्याच्या चौकात अजूनही दिसतात. रंग उडालेला असतो, बंपर तारेने बांधलेला असतो आणि इंजिन मात्र चालू असतं.

ते चालू राहण्याचं कारण कंपनीच्या नावात शोधून सापडणार नाही. तवेरा ही मुळात इसुझूची पँथर, म्हणजे जपानी गाडी. जुन्या तवेराचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन त्याच घराण्यातलं. नोझल, पंप, क्लच प्लेट, पाटे एवढं सांभाळलं की गाडी लाखांनी किलोमीटर पळते, आणि एवढं सांभाळायला गावच्या मिस्त्रीला कंपनीचं प्रशिक्षण लागत नाही. कान पुरतो.

भारतात शेव्हरोलेच्या नावाने विकलेल्या बाकीच्या गाड्यांची कुंडली काढली तर गंमत वाढतेच. ऑप्ट्रा कोरियाच्या देवूची. स्पार्क म्हणजे नाव बदललेली मटीझ, तीही देवूचीच. बीट आणि क्रूझही कोरियातून आल्या, सेल आणि एन्जॉय चीनमधून. बॉनेटवर सोनेरी अमेरिकन चिन्ह आणि खाली तीन देशांचे सांगाडे! शोरूममधल्या गिऱ्हाइकाला यात वावगं वाटण्याचं कारण नव्हतं. गाडी दहा वर्षांची झाल्यावर मात्र ते बोचू लागतं, कारण एका घराण्याचा भाग दुसऱ्याला बसत नाही आणि प्रत्येक मॉडेलची संख्या एवढी मोठी नसते की बाहेरच्या कारखानदाराने त्याचे सुटे भाग काढावेत. बीटच्या डिझेल मॉडेलचं इंजिन तीन सिलिंडरचं, हजार सीसीच्याही आतलं. अतिशय काटकसरी होतं ते. पण ते बिघडलं की कानाने निदान होत नाही, स्कॅनर जोडावा लागतो, आणि स्कॅनर असलेलं सर्व्हिस सेंटर बंद झालं की मालकाची वरात पुण्याला निघते.

विक्री थांबवताना जुन्या ग्राहकांची सेवा आणि सुटे भाग चालू राहतील, असं कंपनीने सांगितलं होतं. त्या शब्दाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. अडचण वेगळी आहे. गाडीच्या डीलरचा संसार नव्या गाड्यांच्या विक्रीवर उभा असतो. नुसत्या ऑइल बदलण्यावर तालुक्याच्या ठिकाणी शेड, कामगार आणि गोदाम पोसता येत नाही. म्हणून आधी लहान गावातली सेवा आटते, मग जिल्ह्याची, आणि शेवटी एखाद-दुसरं केंद्र मोठ्या शहरात उरतं. कागदावरचं आश्वासन तसंच राहतं, अंतर तेवढं वाढत जातं.

तवेराच्या मालकांनी याआधी एक धक्का पचवला होता. २०१३ च्या जुलैत कंपनीने २००५ ते २०१३ या काळात बनलेल्या सुमारे १ लाख १४ हजार तवेरा परत तपासणीसाठी बोलावल्या. उत्सर्जनाच्या सरकारी चाचण्यांमध्ये आपल्याच काही कर्मचाऱ्यांनी गडबड केल्याचं कंपनीने स्वतः सरकारला कळवलं आणि काहींना नोकरीवरून काढलं. ही बातमी जगभर गाजली. जुन्नरच्या भाडोत्री तवेरावाल्याला धुराच्या आकड्यांशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्याला चिंता होती ती गाडी विकायला काढली तर भाव किती पडेल याची, आणि तो पडलाच.

अमेरिकन कंपन्यांचं असं येणं-जाणं महाराष्ट्राला नवं नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. फोर्डही त्याच सुमारास मुंबईत होती. या कंपन्या सुटे भाग खोक्यांतून आणत, इथं जोडत आणि विकत. स्वातंत्र्यानंतर टॅरिफ कमिशनच्या अहवालावरून सरकारने १९५३ मध्ये ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, गाडी इथं बनवण्याचा आराखडा द्या नाहीतर निघा. १९५४ पर्यंत दोघींनी गाशा गुंडाळला. जनरल मोटर्स परत आली ती १९९० च्या दशकात, गुजरातमधल्या हलोलला ओपेल अ‍ॅस्ट्रा घेऊन. पुढे ओपेल हे नाव मागे पडलं, २००३ मध्ये शेव्हरोले आली, २००८ मध्ये तळेगावचा कारखाना सुरू झाला. म्हणजे तवेरा आणि बीटच्या मालकांच्या आधी ओपेलचे मालक याच वाटेने गेले होते, पण त्यांची संख्या थोडी आणि बहुतेक शहरात, त्यामुळे फार बोभाटा झाला नाही.

आता दुसरी अमेरिकन गाडी बघा.

१९४० मध्ये अमेरिकन लष्कराला एक हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती, आणि नमुना ४९ दिवसांत. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्टने दोन दिवसांत आराखडा काढून दिला. बँटमला पुरेशा गाड्या बनवणं झेपणार नाही, हे पाहून लष्कराने तो आराखडा विलीज आणि फोर्ड यांच्याही हाती दिला. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. ही गाडी अशी जन्मतःच अनेक कारखान्यांची होती. एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या गाडीला बसावा, आणि कुठल्याही रणभूमीवर साध्या पान्याने ती उघडता यावी, हाच तिचा गुण.

मुंबईत २ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या कंपनीने हा गुण ओळखला. मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. १९४७ मध्ये विलीजच्या पहिल्या जीप खोक्यांतून आल्या आणि मुंबईत जोडल्या गेल्या. इथवर गोष्ट शिवडीसारखीच. फरक पुढे पडला. सरकारने इथं बनवायची अट घातली तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स निघाल्या, महिंद्रने विलीजशी करार करून जीप इथंच बनवायला घेतली. अमेरिकेत सीजे-३बी हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, तरी त्याच साच्यातल्या जीप भारतात त्यानंतरही दशकानुदशकं निघत राहिल्या. पेट्रोल परवडेनासं झालं तेव्हा इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून मोठी सोय कुठली? जो मिस्त्री ट्रॅक्टर खोलतो तोच जीपही खोलतो, आणि फिल्टर एकाच दुकानात मिळतो.

भीमाशंकरकडे, डिंभ्याच्या पलीकडच्या आदिवासी वाड्यांकडे किंवा नाणेघाटाजवळच्या घाटघरकडे एसटी जिथं थांबायची तिथून पुढची सगळी वाहतूक बरीच वर्षं याच जीपगाड्यांनी केली. वडापची जीप म्हणजे बायाबापड्यांसह मागे लोंबकळणारी पोरं, कोंबड्या आणि हिरड्याची पोती. पोलिसांना ती खटकायची आणि बाजारच्या दिवशी सगळ्यांना ती हवी असायची. त्या जीपचं मूळ नाव आज कायद्याने स्टेलांटिस या कंपनीचं आहे. विलीजपासून कैसर, एएमसी, क्रायस्लर, मग डेमलर, मग फियाट असा प्रवास करत ते तिथं पोहोचलं. अमेरिकेत महिंद्रने रॉक्सर ही गाडी काढली तेव्हा ती जीपसारखी दिसते म्हणून तिथल्या व्यापार आयोगापुढे वाद गेला, २०२० मध्ये निकाल विरोधात लागला आणि महिंद्रला तिचं तोंड बदलावं लागलं. घाटघरच्या जीपवाल्याला या खटल्याने काहीही फरक पडला नाही. त्याचे पाटे, बेअरिंग, गिअर सगळं पुण्याच्या नाना पेठेत मिळत होतं आणि मिळत राहिलं. थोडक्यात, विलीज इथं नांदली आणि शेव्हरोले दोनदा माहेरपणाला येऊन गेली.

सुट्या भागांचं हे गणित एसटीनेही अनुभवलं. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हा ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन अशा दहा बनावटींच्या बस होत्या. दहा बनावटी म्हणजे दहा प्रकारचे सुटे भाग आणि दहा प्रकारच्या खोडी माहीत असलेले फिटर. पुढे टाटा आणि लेलँड या दोन मुख्य बनावटी राहिल्या आणि दापोडीच्या कार्यशाळेला त्याच गाड्यांवर हात बसवता आला. सरकारी महामंडळाला जे कळलं ते खासगी गाडी घेणाऱ्याला सांगणारं कुणी नव्हतं. त्याला शोरूममध्ये एसी, टचस्क्रीन आणि हप्ता दाखवतात.

यातला दोष गिऱ्हाइकाच्या माथी मारणं सोपं आहे. टोमॅटोला भाव मिळाला, पैसा हाती आला, की शेतकऱ्याने वेगळी, जरा ऐटीची गाडी घ्यावी यात चूक काय? २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या पुढे गेलं होतं. अशी वर्षं दर वर्षी येत नाहीत. गाडी मात्र पंधरा वर्षांसाठी असते. त्या पंधरा वर्षांची काळजी घेण्याचं काम एकट्या खरेदीदारावर टाकून सरकारला नामानिराळं राहता येणार नाही. तळेगावला एमआयडीसीत जागा मिळते ती स्थानिक शेतकऱ्यांच्या जमिनीतून. सामंजस्य करारात गुंतवणूक किती, रोजगार किती, सवलती किती हे येतं. कंपनी गेली तर इथं विकलेल्या गाड्यांचं काय, याची ओळ त्यात असायला हवी.

फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं ठरवलं तेव्हा वाहन विक्रेत्यांच्या महासंघाने डीलरांच्या संरक्षणासाठी कायदा मागितला होता. मागणी रास्त होती, पण त्यातही केंद्रस्थानी डीलर होता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल सुरू केलं, आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. पाऊल चांगलं, तरी ते पोर्टल आहे, कायदा नव्हे. गाडी इथं विकणाऱ्या कंपनीने मॉडेल बंद केल्यावर ठरावीक वर्षं सुटे भाग पुरवावेत. ते जमत नसेल तर भागांचे आराखडे आणि स्कॅनरचं सॉफ्टवेअर इथल्या कारखानदारांना व गॅरेजांना खुलं करावं. यासाठी मुंबईत किंवा दिल्लीत कुणी क्रांती करायची गरज नाही. विलीजने महिंद्रला जवळपास हेच दिलं होतं, पैसे घेऊन.

शेजारच्या रांजणगावात हा प्रश्न पुन्हा उभा आहे. महागणपतीपासून जवळच फियाट आणि टाटांचा भागीदारीतला कारखाना आहे. शेव्हरोले विक्री गुंडाळत होती त्याच वर्षी, ३१ जुलै २०१७ ला, तिथून जीप कंपास बाजारात आली. सुरुवातीची किंमत १४ लाख ९५ हजार. कंपासचं दोन लिटरचं डिझेल इंजिन टाटा हॅरियरलाही लागतं, एमजी हेक्टरलाही लागत आलं आहे. त्यामुळे जीपचं दुकान उद्या बंद झालं तरी त्या इंजिनाला भाऊबंद आहेत. दरवाज्याच्या कुलपाला, डॅशबोर्डच्या संगणकाला तसे भाऊबंद नाहीत. मंचरला जुनी कंपास बघायला गेलेल्या माणसाने किलोमीटर आणि टायर बघून झाल्यावर हेही विचारून घ्यावं.

तळेगावचा कारखाना आधी चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचं ठरलं होतं. गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर तो व्यवहार अडकला आणि २०२२ मध्ये बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. ही कंपनी १९९६ पासून भारतात आहे आणि लवकर निघून जाईल अशी चिन्हं नाहीत. सुट्या भागांची अट सरकारने तिच्या सामंजस्य करारात घातली असती तर तिला ती जडही गेली नसती. राहायला आलेल्याकडून असा शब्द मिळवणं सोपं असतं. निघालेल्याकडून तो काढणं किती अवघड, हे तळेगावच्या कामगारांनी आपल्या नोकऱ्यांबद्दल विचारून विचारून पाहिलं आहे.