तक्रार निकाली, खड्डा जागेवर

मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ या काळात पुणे महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मुदत संपली, निवडणूक लांबत गेली आणि जवळपास चार वर्षं शहराचा कारभार राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाने चालवला. मुंबईतही तेच झालं. नवी मुंबई आणि कोल्हापूर तर २०२० पासून लोकप्रतिनिधींविना होते.

या काळात माझ्या आयटीतल्या मित्रांच्या तोंडी एक वाक्य बसलं आणि निवडणूक होऊन गेल्यावरही ते ऐकू येतं: “प्रशासकच बरा होता यार. नगरसेवक हवा कशाला? ॲपवर फोटो टाकला की काम होतं.” हे बोलणाऱ्यांत आपल्या मोहल्ल्यातून शिकून वर आलेली मुलंही आहेत, म्हणून हा विषय इथे काढतोय.

ॲपवर माझा राग नाही. अशीच ॲप बनवून माझं घर चालतं. पण तक्रारीच्या ॲपमध्ये एक गोष्ट अशी आहे की आमच्या कंपनीत कोणी केली तर त्याला टीमसमोर उभं करतील. सॉफ्टवेअरमध्ये चूक ज्याने दाखवली, तोच ती दुरुस्त झाली का हे तपासतो आणि मग ती नोंद बंद होते. ज्याच्याकडे काम होतं त्याने स्वतःच ‘झालं’ म्हणून शिक्का मारायचा नसतो. नागरी तक्रारींमध्ये नेमकं हेच चालतं. खातं तक्रार घेतं, खातंच ‘निकाली’ काढतं. तुमच्यापैकी किती जणांना ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा मेसेज आलाय आणि खिडकीतून पाहिलं तर खड्डा तसाच? कधी ‘सदर बाब अन्य विभागाशी संबंधित’ असं उत्तर येतं आणि तीही तक्रार निकालीतच मोजली जाते. वर्षअखेरीस टक्केवारी छान दिसते.

पण समजा, ॲप अगदी प्रामाणिक झालं. तरी माझ्या मित्रांचं म्हणणं चूकच ठरतं, कारण ॲपवर फक्त खड्डा टाकता येतो, निर्णय टाकता येत नाही.

कात्रज-कोंढवा रस्ता घ्या. सुमारे साडेतीन किलोमीटरचं अंतर. ८४ मीटर रुंदीचं काम २०१८ मध्ये हाती घेतलं. जमीनमालकांना महापालिका टीडीआर देऊ पाहत होती, त्यांना रोख मोबदला हवा होता. जमीन ताब्यात नसताना काम काढलं, ते अडलं आणि शेवटी आधी ५० मीटरच करू असं ठरलं. या सगळ्या वर्षांत डंपर, टँकर आणि शाळेच्या रिक्षा त्याच अर्धवट रस्त्यावरून जात राहिल्या आणि माणसं मेली. आता सांगा, ‘जमीन हातात नसताना काम का काढलं?’ ही तक्रार कोणत्या कॅटेगरीत टाकायची? ‘रस्ते’ की ‘इतर’? हा प्रश्न सभागृहात विचारायचा असतो, आणि चार वर्षं ते सभागृह रिकामं होतं.

पैशाचंही तसंच. घरपट्टीचं बिल एकदा नीट वाचा. त्यात सर्वसाधारण करासोबत ‘पथकर’ नावाची वेगळी ओळ असते. रस्त्याचे पैसे आपण नाव घेऊन देतो. गुंठेवारीतल्या, अनधिकृत ठरलेल्या इमारतींना तर कायद्याने कराच्या दुप्पट शास्ती लावता येते, म्हणजे एकूण तिप्पट. लहान घरांना त्यातून सूट मिळाली, तीही बरीच उशिरा. तिप्पट पैसे मागताना इमारत बरोबर सापडते आणि गटार मागितलं की ‘तुमचा भाग अनधिकृत आहे’ असं उत्तर मिळतं. हे उत्तर मुस्लिम वस्तीत जास्त ऐकू येतं, असं आपण म्हणतो. ते खरं असेल तर कागदावर दाखवता आलं पाहिजे. चहाच्या टपरीवर सगळ्यांना पटलेली गोष्ट महापालिकेत पुरावा होत नाही.

कागदाचा कंटाळा किती महाग पडतो हे पुण्याने २०२३ मध्ये पाहिलं. स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत १९७० पासून होती. ती मध्येच काढली गेली, ओरड झाली, परत मिळाली. पण ज्यांची सवलत गेली होती त्यांनी पीटी-३ नावाचा अर्ज, २५ रुपये आणि रहिवासाचा पुरावा घेऊन स्वतः द्यायचा होता. सवलत महापालिकेने काढली, ती परत मिळवायची धावपळ मात्र आपली! ज्या सोसायट्यांत कोणी टेबल मांडून अर्ज भरून घेतले तिथे काम झालं. जिथे फॉरवर्ड नुसता फिरला, तिथे लोक जास्तीचा कर भरत बसले.

रस्त्यातली काटेरी फांदी बाजूला करणं सदका आहे, हे आपण मक्तबपासून ऐकतो आणि मोहल्ल्यातली पोरं दर पावसाळ्यात स्वतः मुरूम आणून खड्डे भरतात. चांगलंच आहे. पण त्याच पोरांनी दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्जही टाकावा. या रस्त्याचा दोष दायित्व कालावधी संपला का, ठेकेदार कोण, किती बिल दिलं? संपला नसेल तर तो खड्डा ठेकेदाराने फुकट भरायचा आहे, तुमच्या वर्गणीतून नाही. २००५ च्या त्या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. हे किती जणांना माहीत आहे? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई ठरवून दिली. तिथेही दावा मांडायला कागद लागणारच.

नगरसेवकांची बाजू घेतोय असं कोणाला वाटत असेल तर थांबा. आपल्या भागातल्या अनेक ‘भाईं’नी पाच-पाच वर्षं कमानी, बाकडी आणि स्वतःच्या फोटोचे फ्लेक्स यापलीकडे काही दिलं नाही, हे मला माहीत आहे. त्यावरचा इलाज कायद्यात आहे आणि तोच सगळ्यांनी मिळून झाकून ठेवलाय. २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. त्या भागातले सगळे मतदार तिचे सदस्य आणि नगरसेवक अध्यक्ष, म्हणजे गावातल्या ग्रामसभेसारखं. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. कोणत्याच पक्षाला ती नको, कारण तिथे चारशे लोकांसमोर उत्तर द्यावं लागतं. पुण्यात तर २००६ पासून नागरिकांना प्रभागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. त्यासाठी अर्ज क्षेत्रीय कार्यालयात भरायचा असतो. तो कुठल्या खिडकीवर मिळतो, हे तुमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला ठाऊक आहे का, विचारून बघा.

१५ जानेवारीला मतदान झालं, नवे नगरसेवक निवडून आले, हारतुरेही झाले. आता आपल्या प्रभागातल्या दहा-पंधरा जणांनी एक पत्र लिहावं. मागण्या दोनच: आमच्या भागाची क्षेत्रसभा कोणत्या तारखेला घेणार ते लेखी कळवा, आणि तक्रारदाराच्या संमतीशिवाय कोणतीही तक्रार निकाली काढू नये असा ठराव सभागृहात मांडा. एक प्रत नगरसेवकाला, एक क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक-जावक विभागात. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली पोच हातात आल्याशिवाय तिथून हलू नका. फोटो नंतर काढा.